वाकायची मनाई

भागूआत्या गेल्याची बातमी मला दौंडहून नगरला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं आणून दिली. मधली सुट्टी संपली होती आणि मी वर्गाकडे निघाले होते. शाळेच्या फाटकाशी तो तिकिटांची पेटी गळ्यात तशीच अडकवून उभा होता. काष्टीच्या माणसांना नगरला काही धाडायचं असलं की ते असंच गाडीवर धाडतात... कुणाचं औषध, कुणाचा डबा, कुणाचा निरोप. "बाई, अण्णांनी सांगावा धाडलाय. तुमच्या आत्या गेल्या सकाळच्याला. तुमी आल्याबिगर उचलनार न्हाईत म्हनले." जाता जाता तो उगाच म्हणाला, "गाडीला हात करायच्या ओ. लांबनं वळखू यायच्या. रस्त्याच्या कडंला अशा ताठ उभ्या असायच्या."

मला रडू आलं ते त्या 'ताठ' शब्दावर. हा कंडक्टर आमच्या रस्त्यावर नवा. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यानं आत्याला पाहिलं असतं, तर हा शब्द त्याच्या तोंडी आलाच नसता. काष्टीपर्यंतच्या वाटेवर खिडकीशी बसून मी तोच शब्द घोळवत होते. आता काही आठवडे उलटले आहेत, घरातलं रडणं ओसरलं आहे, आणि तिच्याबद्दल लिहावं असं वाटलं तेव्हा पहिल्यांदा आठवला तोही तोच शब्द.

भागूआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचं सासर भीमेच्या पलीकडं. लग्न झालं, चार सण झाले, नवरा तापात गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. मला कळायला लागल्यापासून ती आमच्या घरात होती आणि वाकलेली होती. कंबरेचं दुखणं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईनं मान वर करून चालायचं नसतं हे तिला कुणीतरी कोवळ्या वयात सांगितलं, आणि सांगितलेलं विसरण्यातली ती नव्हती. शिवाय तिला पाया पडण्याचं वेड होतं. सकाळी उठल्यावर जमिनीच्या पाया पड, मग तुळशीच्या, मग जात्याच्या, गोठ्यात गेली की बैलांच्या. एसटीत चढताना पायरीला हात लावून कपाळाला लावायची आणि मागची माणसं खोळंबायची. आम्ही भावंडं तिला चिडवायचो, "आत्या, कोंबडीच्या पाया पडायचं राहिलं." ती हात उगारायची आणि स्वतःच हसायची.

पण एक वाकणं असं होतं की त्याला आम्ही कधी हसलो नाही. तिचे थोरले दीर, सगळे त्यांना तात्या म्हणत, वर्षाकाठी सुगीला आणि दिवाळीला तिच्या वाट्याची ज्वारी घेऊन यायचे. हाडापेरानं मजबूत माणूस, डोक्याला फेटा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. त्या वहाणांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आत्या हातातलं काम टाकून उठायची, पदर पुढं ओढायची, आणि तात्या उंबऱ्याशी पोचायच्या आत तिचं कपाळ भुईला टेकलेलं असायचं. तात्या "हं" म्हणायचे. तो त्यांचा आशीर्वाद. माणूस वाईट नव्हता. वाटणीची ज्वारी न चुकता आणणारे दीर किती असतात? पण ते "हं" मला लहानपणापासून डाचायचं.

तिची दृष्टी कधी गेली हे घरात कुणाला कळलंच नाही, कारण तिनं ते कळू दिलं नाही. तांब्या अमक्याच कोनाड्यात, मिठाचं मडकं तमक्याच कोपऱ्यात, दोरी खुंटीच्या डावीकडंच. कुणी इकडचं तिकडं केलं की घर डोक्यावर घ्यायची. "कुनी हलीवला तांब्या? हात झडले का तुमचे?" आम्ही म्हणायचो, वयानं आत्या चिडखोर झाली. भाकरीत खडे लागायला लागले तेव्हा आईनं दुकानदाराला शिव्या घातल्या. आत्या म्हणायची, दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं कडं दिसतं, आणि आम्हाला ती दिव्याची गंमत वाटायची. मग एका दिवाळीला मी नगरहून आले. दारात उभी राहिले, मागं लख्ख ऊन. समोर आत्या सूप घेऊन बसलेली. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "कोन पायजे? अण्णा मळ्यात गेल्यात." मला वाटलं थट्टा करते. मी हसले, तेव्हा आवाजावरून तिनं मला ओळखलं.

संध्याकाळी विहिरीवर ती मला एवढंच म्हणाली, "सुमे, डोळं गेलं तर म्या ह्या घरात कशाची ग? दळायची न्हाई, धार काढायची न्हाई. नुसती खायाला बसू?" अण्णांनी तिला कधी उणं बोललेलं मी ऐकलं नव्हतं आणि बोललेही नसते. पण प्रश्न अण्णांचा नव्हता. माहेरी परत आलेल्या बाईला घरात जी जागा असते ती तिच्या दोन हातांनी मिळवलेली असते, आणि ते हात डोळ्यांवर चालतात. आत्याला आंधळेपणाची भीती नव्हती. कुणीतरी हाताला धरून उठवण्याबसवण्याची तिला भीती होती.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या हायस्कुलात डोळ्यांचं शिबिर भरलं. पुण्याहून डॉक्टर आले होते, बारीक चणीचे, बोलायला मऊ आणि नियमाला कडक. त्यांनी आत्याचे डोळे बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि आम्हाला समजावून सांगितलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. औषधाच्या थेंबांनी तो विरघळत नाही, की काजळानं पुसला जात नाही. डोळ्याच्या बाहुलीमागं मसुराच्या दाण्यासारखं एक नितळ भिंग असतं, तेच वयोमानानं गढूळ होत जातं. "कंदिलाची काच काजळली म्हणजे वात विझली असं नसतं ना, आत्याबाई? तुमची वात चांगली आहे. काच तेवढी काढायची." उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, तो काढायचा. डावा अजून कच्चा होता, त्याला थांबायचं. भिंग काढलं की त्याच्या जागी डोळ्यात काही नाही, म्हणून जाड काचेचा चष्मा लावायचा, तो जन्मभर. आणि नंतरचे दिवस उताणं पडून राहायचं. टाके रेशमाचे, केसासारखे. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, आणि काही झालं तरी वाकायचं नाही. आत्यानं सगळ्याला मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, आत्ताच मान हलवताय."

शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्याशेजारी सुई टोचून तो बधिर केला होता, आत्या जागीच होती. वर्गातली बाकं बाहेर काढून जमिनीवर गवत आणि त्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. आत्याचं डोकं दोन वाळूच्या पिशव्यांच्या मधे ठेवलेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी तिच्याशेजारी बसून चमच्यानं पेज भरवत होते. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यातून करकर आवाज आला.

तात्या भावजयीवरच्या मायेनं आले होते, हे मला आधी सांगितलं पाहिजे. फडक्यात गूळ बांधून आणला होता. पण त्यांचं तोंड दिसायच्या आधी त्यांच्या वहाणा ऐकू आल्या, आणि आत्याच्या डोळ्यांवर तर पट्टीच होती. तिनं काही विचार केला नाही. "अगं आत्या..." एवढंही मला पुरतं म्हणता आलं नाही. ती उठून बसली, पदर ओढला, गुडघ्यांवर आली आणि कपाळ भुईला टेकलं. एका दमात, आयुष्यभर करत आली तसं. तात्या म्हणाले, "हं." मग ती हळूच, लाजल्यासारखी बोलली, "सुमे, डोळ्यात ऊन ऊन काय वाहतंय ग?"

डॉक्टर धावत आले. टाके सुटले होते. त्यांनी पुन्हा टाके घातले, इंजेक्शनं दिली, शिबिर उठल्यावरही तिला नगरला बोलावून घेऊन तपासलं. पण आतलं जे बाहेर यायला नको ते आलं होतं आणि पुढं डोळ्यात पू झाला. उजवा डोळा गेला. ते तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. मला आणि अण्णांना जवळ बोलावून तिनं शपथ घातली, "तात्यांला कळता कामा नये. त्यांच्या जिवाला लागंल." मी चिडले. तात्यांवर, तिच्यावर, ज्यानं तिला वाकायला शिकवलं त्या कुणा मेलेल्या माणसावर. पण शपथ मोडली नाही.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरी आटल्या, गडीमाणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. घरात आत्या भिंतीला हात लावत चालायची. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मी तिला नगरला डॉक्टरांच्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू पूर्ण पिकला. परतीच्या गाडीत आत्या खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "रानात काय पिकलं न्हाई. माझ्या डोळ्यात तेवढं पिकलं." शेजारची बाई हसली. मला हसता आलं नाही.

आता एकच डोळा होता. तो वाचला तर आत्या भागूआत्या, नाहीतर कोपऱ्यातलं गाठोडं... तिनंच वापरलेला शब्द आहे हा. आणि इथं अण्णांचं आणि माझं जुंपलं. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात एक सुईवाला यायचा. पिंपळाखाली चटई टाकून बसायचा, मोतीबिंदूवाल्या डोळ्यात सुई घालून तो तिथल्या तिथं 'पाडून' द्यायचा. अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा हाताला धरून आणला, आणि घडीभरात तो अण्णांच्या हाताची बोटं मोजत होता आणि रडत होता. "पडून ऱ्हायाचं न्हाई, टाकं न्हाईत, वाकायची मनाई न्हाई," अण्णा म्हणाले. "तुझ्या डाक्टरानं एक डोळा घालवला." मी म्हणाले, डॉक्टरांनी नाही घालवला. खरं दोघांनाही माहीत होतं आणि ते शपथेखाली होतं.

मी पुण्याला जाऊन त्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी चिडचिड न करता सांगितलं. काहीच न करणं हाही एक मार्ग, पण फार पिकलेला मोतीबिंदू कधी फुगतो, डोळा ठणकायला लागतो, मग दृष्टी वाचवायची वेळ निघून जाते. सुईवाला काजळलेली काच काढत नाही. तो ती कंदिलातच मागं ढकलून देतो. वाट मोकळी झाली की माणसाला लगेच दिसतं, ते खोटं नसतं. पण ढकललेलं भिंग आत राहतं, सुई स्वच्छ नसते, आणि पुढं बऱ्याच जणांचा डोळा दुखून, सुजून कायमचा जातो. तोवर सुईवाला पुढच्या बाजाराला गेलेला असतो. तिसरा मार्ग म्हणजे भिंग अख्खं बाहेर काढणं. पुण्यात आता एक गार सळई आली होती, तिचं टोक बर्फासारखं गोठतं आणि भिंग त्याला चिकटून अलगद निघतं. "तिनं माझं काम सोपं होईल," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आत्याचं नाही. जखम तीच, टाके तेच, मनाई तीच. पुण्याला आणा नाहीतर शिबिरात आणा, जिथं तिचं चित्त स्वस्थ राहील तिथं आणा."

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. अण्णा मान हलवत राहिले. आत्या म्हणाली, "मला त्या म्हाताऱ्याकडं न्या." माझ्या खांद्यावर हात ठेवून ती वस्तीवर गेली. म्हातारा बाजेवर बसला होता, सुई घातलेल्या डोळ्यावर फडकं बांधलेलं. दिसायला लागल्यावर संक्रांतीपर्यंत त्याला दिसलं, मग डोळा लाल झाला, झोप गेली, आणि आता त्याला उजेडही कळत नव्हता. आत्यानं विचारलं, "काय बगितलं त्यवढ्या दिसांत?" तो म्हणाला, "नातू बगितला. बैलं बगितली. आन् सुईवाल्याला शोधायला दोन बाजार फिरलो."

पुन्हा शिबिर भरलं तेव्हा आत्यानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "आन् म्या परत वाकले तर?" डॉक्टर म्हणाले, "तर मग मलाही काही करता येणार नाही. हे तुमच्याच हातात आहे." बाहेर आल्यावर ती अण्णांना म्हणाली, "सुईवाला म्हन्तो काय बी व्हनार न्हाई. हे म्हन्त्यात व्हईल. ज्याला भ्या वाटतं, त्याच्याच हातात डोळा द्यायचा." अण्णांनी त्यावर वाद घातला नाही.

त्या खेपेला अण्णांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. आमचे अण्णा घरात तांब्या भरून घेणारे नव्हेत. पण शस्त्रक्रिया झाली आणि ते आत्याच्या उशाशी मांडी घालून बसले, तळहात तिच्या कपाळावर ठेवून. वाळूच्या पिशव्या होत्याच, त्यांचा अण्णांना भरवसा नव्हता. व्हरांड्यात कुणाची पावलं वाजली की तो हात जड व्हायचा. मी म्हणायचे, "अण्णा, चहा पिऊन या." ते म्हणायचे, "हितंच आन." आत्या पट्टीखालून पुटपुटायची, "मेल्या, डोकं चेपतंय माझं." धाकट्या भावाला ती आयुष्यभर मेल्याच म्हणत आली. पट्टी सुटली त्या दिवशी तिनं आधी अण्णांचा तळहात पाहिला, कारण तो अजून तिथंच होता.

चष्मा आला. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा, आणि त्यामागं आत्याचा डोळा मोठा, ओला, आश्चर्यानं भरलेला. सगळं जवळ सरकल्यासारखं दिसायचं; पाणी ओतायला जायची तर धार भांड्याच्या बाहेर. रंगांनी तर ती वेडीच झाली. दुष्काळातलं ते कोरडं, एक ढग नसलेलं आभाळ, ज्याला सगळा गाव रोज शिव्या देत होता, त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "एवढं निळं आसतंय व्हय?" आणि लगेच ओशाळून तोंडावर हात ठेवला.

मनाई दीड महिन्याची होती. पण वाकल्याशिवाय जगायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. घरचे देव चुलीशेजारी खाली पाटावर होते, ती पहिल्याच सकाळी तिथं जाऊन घुटमळायला लागली. अण्णांनी पाहिलं. "भागे, भितीला टेकून उभी ऱ्हा. मान सरळ." तिच्या डोळ्यांच्या सरळ रेषेत त्यांनी भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. ती बाजूला झाली आणि आम्ही सगळे त्या रेघेकडं बघतच राहिलो. रेघ अण्णांच्या कपाळाच्या वर होती. आई म्हणाली, "अगं बाई! वन्सं एवढ्या उंच हाईत?" एका घरात जन्म काढला, आणि आत्या उंच आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अण्णांनी सुताराची वाट पाहिली नाही. माझ्या लग्नात ज्यांनी एक खिळा ठोकला नव्हता त्यांनी भिंतीत दोन खुंट्या मारल्या, फळी बसवली आणि देव वर नेले. त्या उंचीवर आत्याला नुसतं उभं राहून हात जोडता यायचे.

आणि मग तात्या आले. दुष्काळात ज्वारी कुठली, पण अर्धं पोतं का होईना, घेऊन आले. मी रजा काढून घरीच होते. आत्या फळीसमोर उभी होती. गल्लीत वहाणा वाजल्या, करकर... आईचा पिठातला हात थांबला. मी आत्याकडं पाहिलं. तिचा हात पदराकडं गेला. गुडघे वाकायला लागले. मला ते लुगड्यातून दिसलं. मी ओरडणार तोच तिनं दोन्ही हातांनी फळीची कड धरली, घट्ट, बोटं पांढरी होईपर्यंत. वहाणा उंबऱ्याशी आल्या. तात्या नेहमीसारखे एक पाय जरा पुढं टाकून उभे राहिले.

आत्यानं फळी सोडली, वळली, आणि छातीशी हात जोडले. "तात्या, हितनंच. वाकायची मनाई हाय."

"कुनाची?"

"डाक्टरांची."

तात्यांचा चेहरा उतरला. "थोरल्या मानसाच्या पाया पडायला डाक्टरांची परवानगी लागती व्हय आता?" परसातून अण्णा आत आले. अण्णा कुणापुढं चटकन वाकणारे नव्हेत, सोयऱ्यांपुढं तर नाहीच. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "तिच्या वाटचा मी पडतो, तात्या. तिला फकस्त बगू द्या."

तात्यांनी पाय मागं घेतला. ते गोंधळून खाली बसले. आत्या अजून उभीच होती आणि त्यांच्याकडं पाहत होती, जाड काचांमधून, पापणी न लवता. तात्या अवघडले. "काय बगतीस?"

"तुमचं तोंड," आत्या म्हणाली. "लगीन झाल्यापून तुमचं पायच बगितल्यात."

तात्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मग चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, आणि ते गेले. आत्या भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "त्यांच्या भुवईला खाच हाय ग. ल्हानपनी पडले आसतील कुटं." त्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तेव्हा फार अभिमान वाटला, आणि तो आजही वाटतो.

पाडवा झाला, मनाईचे दिवस भरले. मी तिला चिडवलं, "आत्या, मनाई उठली आता."

"कुनी उठिवली?"

"डॉक्टरांनीच तर दीड महिना सांगितला होता."

"त्यांनी सांगितला हुता," ती म्हणाली. "म्या अजून सांगितलं न्हाई."

त्यानंतर ती कुणापुढं वाकली नाही. भाऊबंद आले, लग्नकार्यात म्हातारे आले, कुणी पाय पुढं केला की आत्या छातीशी हात जोडायची आणि गंभीर तोंड करून म्हणायची, "मनाई हाय." तात्या दोनदा येऊन गेले, त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. जमिनीच्या, बैलांच्या पाया पडणंही सुटलं. त्याऐवजी जाता-येता त्यांच्याकडं डोळे भरून बघायची. धान्य निवडायला उन्हात बसायची आणि खडा सापडला की मुलीसारखी आनंदानं दाखवायची. सकाळी नगरची गाडी जायच्या वेळेला रस्त्याच्या कडेला उभी राहायची, कारण त्या गाडीचा लाल रंग तिला आवडायचा. झोपताना मात्र शिबिरातून मागून आणलेल्या वाळूच्या त्या दोन पिशव्या उशीच्या दोन्ही अंगांना लावायची. विचारलं तर म्हणायची, "सवय लागली."

त्या पिशव्यांच्या मधेच ती गेली, झोपेत, पहाटे. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. आंघोळ घालून तिला बाहेर आणून ठेवलं होतं आणि बाया एकेक करून पायाशी वाकत होत्या. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि तात्या समोर दिसले. माझ्या लक्षात आलं, गल्लीत वहाणा वाजल्याच नव्हत्या. त्या त्यांच्या हातात होत्या. गल्लीच्या तोंडाशीच काढून ते अनवाणी आले होते. पायांशी न जाता ते तिच्या उशाशी गेले आणि तिच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले. मग माझ्याकडं वळले. "पोरी, मला कुनीच सांगितलं न्हाई ग..." आणि या एवढ्या मोठ्या माणसाला हुंदका फुटला. शपथ कुणी मोडली ते मला माहीत नाही. अण्णांना मी विचारलं नाही, आणि ते सांगणार नाहीत.

मागच्या आठवड्यात मी काष्टीला जाऊन आले. आत्याचं अंथरूण उचललं आहे. तिचा चष्मा आईनं देवांच्या शेजारी ठेवला आहे, फळीवर. आई ठेंगणी, दिवा लावायला तिला रोज पाट घ्यावा लागतो. ती अण्णांना म्हणाली, फळी आता खाली घ्या, एवढ्या उंचावर कुणाचा हात पोचतो? अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि मळ्यात निघून गेले. निघताना मी फळीसमोर उभी राहिले. सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि वाकले. डोळे उघडले तर समोर नुसती भिंत होती. देव दिसायला मला मान वर करावी लागली.